नव्या घरातली टीव्ही, फोन आणि इंटरनेटची वायरिंग: पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घराच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, गिलावा व्हायचाय. इलेक्ट्रिशियन म्हणतो, प्रत्येक खोलीत टीव्हीची एक, फोनची एक आणि इंटरनेटची एक अशा तीन-तीन वायरी टाकून घ्या. घरातली तरुण मंडळी म्हणतात, आता सगळं वायफायवर चालतं, एकही वायर नको. हातात पैसा मोजका आहे आणि काही वर्षांनी वर एक मजला चढवायचा विचार आहे. मग नेमकं काय टाकावं?

यातला एकही सल्ला मी जसाच्या तसा घेणार नाही. बांधकाम चालू असताना स्वस्तात होते आणि नंतर अतोनात महाग पडते ती भिंतीतली वाट. झिरी मारणं, पाइप आणि बॉक्स बसवणं, वरून गिलावा, हे सगळं आत्ता एकाच कामात उरकतं. हेच तीन वर्षांनी करायचं तर रंग, पुट्टी, धूळ आणि घरभर आवराआवर. वायरीचं तसं नाही. पाइप नीट असेल तर जुनी वायर ओढून नवी घालायला अर्धा तास लागतो. घर कित्येक दशकं उभं राहतं, वायरीचं तंत्र मात्र दहा-पंधरा वर्षांत बदलतं. जुन्या घरांत टेलिफोनच्या दोन तारांची वायर थेट गिलाव्यात पुरलेली सापडते. ती काढता येत नाही आणि तिच्या जागी दुसरं काही घालताही येत नाही. म्हणून पाइप सढळ हातानं टाका, वायर मोजून टाका आणि सगळे पाइप घरात एकाच ठिकाणी आणा.

हे एक ठिकाण कुठलं, ते सगळ्यात आधी ठरवा, कारण बाकीचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. पूर्वी फोनची आणि केबल टीव्हीची वायर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अशी फिरवत नेत. मधला एक सांधा गंजला की पुढच्या सगळ्या खोल्या बंद. इंटरनेटच्या वायरीला तर अशी फिरवाफिरवी चालतच नाही. प्रत्येक खोलीतून निघालेली वायर सलग, मध्ये कुठेही न जोडता, मुख्य ठिकाणी यायला हवी. ही जागा शक्यतो घराच्या मधोमध असावी, कोरडी असावी आणि हात पोचेल अशी असावी. बाथरूमला लागून असलेली ओली भिंत नको आणि विजेच्या डीबीला (सगळे एमसीबी असतात त्या पेटीला) चिकटूनही नको. पॅसेजमधलं एखादं उघडं कपाट किंवा कप्पा उत्तम. काही जण इथे लोखंडी पेटी बसवतात. दिसायला ती छान दिसते, पण राउटर तिच्यात ठेवला की वायफाय तिथेच अडतं आणि उन्हाळ्यात आतली उपकरणं तापतात. पेटी बसवायचीच असेल तर तिच्यात फक्त जोडण्या आणि नेटवर्क स्विच (राउटरचं इंटरनेट अनेक वायरींत वाटणारा डबा) ठेवा, राउटर बाहेर. या जागी किमान चार पॉवर सॉकेट हवेत: फायबरच्या (इंटरनेट कंपनीच्या काचतंतूच्या तारेच्या) डब्याला एक, राउटरला एक, स्विचला एक आणि एक जास्तीचं. घरात बॅटरी बॅकअप येणार असेल तर ही सॉकेटं त्याच लाइनवर घ्या. ही उपकरणं वीज फार कमी खातात, पण लाइट गेल्यावर इंटरनेट चालू राहिलं तर त्याची किंमत कळते.

आता पाइप. नेहमीच्या खोल्यांसाठी २५ मिलिमीटरचा पाइप घ्या. २० मिलिमीटरचा किंचित स्वस्त पडतो, पण त्यात दोन वायरी गेल्या की तिसरी ओढताना घासते. पाइपाच्या आतल्या जागेचा साधारण ४० टक्के भाग भरला की थांबायचं, असा नियम आहे. इंटरनेटची कॅट-६ वायर साधारण ६ मिलिमीटर जाड असते आणि टीव्हीची आरजी-६ वायर ७ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे २५ मिलिमीटरच्या पाइपात तीन कॅट-६ आणि एक आरजी-६ गेली की तो भरला असं समजा. जिथे वळण आहे तिथे काटकोनी एल्बो वापरू देऊ नका, लांब वळणाचा बेंड हवा. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त काटकोनी वळणं येत असतील तर मध्ये ओढायला एक बॉक्स ठेवा. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओवून ठेवा, रिकाम्या पाइपात तर नक्कीच. गिलावा सुरू होण्याआधी प्रत्येक तोंड टोपण लावून किंवा चिंधी कोंबून बंद करा. आत शिरलेला सिमेंटचा माल सुकला की तो पाइप गेल्यातच जमा.

टीव्हीच्या भिंतीवर, टीव्हीच्या मागून खालच्या कपाटापर्यंत, किमान ४० मिलिमीटरचा वेगळा पाइप सरळ टाका. तो आखूड असतो म्हणून खर्च नगण्य आहे, पण एचडीएमआयच्या केबलचं डोकं रुंद असतं आणि ते लहान पाइपातून जात नाही. पुढे कुठला नवा प्लग येईल याची काळजीही त्या मोठ्या पाइपानं मिटते.

विजेच्या वायरी आणि या वायरी एका पाइपात किंवा एका बॉक्समध्ये कधीही नकोत. सिग्नलमध्ये येणारी गडबड हे त्याचं दुय्यम कारण. मुख्य कारण जिवाचं आहे: विजेच्या वायरीचं आवरण कुठे फाटलं तर विजेचा दाब थेट तुमच्या टीव्हीच्या, राउटरच्या आणि फोनच्या तारांवर येतो. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर मध्ये साधारण ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि एकमेकांना छेदायची वेळ आली तर काटकोनात छेदू द्या. झिऱ्या मारणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट बजावून सांगा: बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही. भिंतीतही शक्यतो उभीच झिरी, खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. आडवी झिरी टाळता आली तर टाळाच, आणि मारावीच लागली तर एक षष्ठांशाच्या आत.

वायर कुठली घ्यायची? घरासाठी साधी, शील्ड (आतलं धातूचं आवरण) नसलेली कॅट-६ पुरेशी आहे. कॅट-५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट नेते आणि अडीच गिगाबिटही नेऊ शकते, त्यामुळे चांगल्या प्रतीची कॅट-५ई स्वस्तात मिळत असेल तर तीही चालेल. कॅट-६ वर १० गिगाबिट सुमारे ५५ मीटरपर्यंत जातं आणि घरातली वायर क्वचितच त्याहून लांब असते. कॅट-६ए जाड आणि ताठ असते, बॉक्समध्ये वळवताना त्रास देते. कॅट-८ तर मोठ्या डेटा सेंटरमधल्या ३० मीटरपर्यंतच्या जोडण्यांसाठी आहे. शील्ड असलेली वायर घेतली तर तिचं शील्ड नीट अर्थिंगला जोडावं लागतं. ते न करता ती वापरण्यात काही अर्थ नाही.

कॅटपुढच्या श्रेणीच्या आकड्यापेक्षा मला काळजी वाटते ती वायरीच्या आतल्या धातूची. बाजारात कॅट-६ म्हणून विकली जाणारी बरीच वायर आतून ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा पातळ मुलामा. खोक्यावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. कॅट-५ई आणि कॅट-६ च्या मानकांत असली वायर बसतच नाही. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, सॉकेटात दाबून बसवताना, म्हणजे पंच करताना, ती तुटते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला किंवा छताजवळच्या वायफाय उपकरणाला वीज पाठवली की ती तापते. भिंतीत घातल्यावर हे कळायला फार उशीर झालेला असतो.

ओळखायची खात्रीची रीत मल्टिमीटरची आहे. ३०५ मीटरचं पूर्ण खोकं घ्या. एका टोकाला एकाच जोडीच्या (वायरीत पीळ दिलेल्या अशा चार जोड्या असतात) दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जोडा आणि दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमधला रोध मोजा. २४ गेजचं (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) शुद्ध तांबं असेल तर आकडा ५० ते ५७ ओहमच्या दरम्यान येतो, जाड २३ गेजचं असेल तर चाळिशीच्या थोडा पुढे. ६० ओहमच्या वर गेला तर खोकं परत करा. मल्टिमीटर नसेल तर ब्लेडनं एक तार खरवडून पाहा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ते तांबं नव्हे. वजनातही फरक कळतो, ॲल्युमिनियमचं खोकं बरंच हलकं लागतं. या एका ठिकाणी घासाघीस करून पैसे वाचवू नका. वाचवायच्या जागा पुढे सांगतो.

पहिली बचत टेलिफोनमध्ये आहे. फोनसाठी वेगळी वायर अजिबात टाकू नका. कॅट-६ च्या चार जोड्यांतली एक जोडी फोनला पुरते, आणि फोनचा लहान प्लग नेटवर्कच्या सॉकेटात मधोमध बसतो, तिथे निळी जोडीच असते. म्हणजे ज्या सॉकेटवर आज कॉम्प्युटर आहे त्याच सॉकेटवर उद्या फोन चालवता येतो, मुख्य ठिकाणी फक्त जोडणी बदलायची. शिवाय फायबरचं कनेक्शन असेल तर फोनची लाइन फायबरच्या डब्यातूनच निघते, बाहेरून फोनची वेगळी तार येतच नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. तांब्याच्या जुन्या फोन लाइनवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब कायम असतो आणि घंटी वाजताना तो ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास जातो. ती लाइन चुकून नेटवर्क स्विचमध्ये खोचली तर स्विच जळू शकतो. म्हणून फोनसाठी वापरलेल्या सॉकेटवर आणि तिच्या मुख्य टोकावर वेगळ्या रंगाची खूण करा.

दुसरी बचत टीव्हीच्या वायरीत आहे. प्रत्येक खोलीत आरजी-६ टाकण्याची गरज आता राहिलेली नाही. बरेच टीव्ही आता इंटरनेटवरूनच कार्यक्रम घेतात आणि त्यांना कॅट-६ लागते. आरजी-६ फक्त मुख्य टीव्हीच्या जागी आणि फार तर आणखी एका खोलीत टाका. पाइप सगळीकडे आहेच, लागली तर नंतर ओढता येईल. पण गच्चीवरून मुख्य ठिकाणापर्यंत एक पाइप हवाच, त्यात दोन आरजी-६ टाकून ठेवा. दोन का, ते सांगतो. डिशच्या पद्धतीत टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स केबलवरून १३ किंवा १८ व्होल्टचा दाब वर पाठवतो, आणि त्यावरून डिशपुढचा एलएनबी (लहरी पकडणारा भाग) कुठल्या दिशेच्या लहरी घ्यायच्या ते ठरवतो. एका केबलवर साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले तर दोघांच्या आज्ञा एकमेकींत मिसळतात आणि कधी या टीव्हीवरचे तर कधी त्या टीव्हीवरचे चॅनेल गायब होतात. दोन बॉक्सला एलएनबीच्या दोन वेगळ्या तोंडांतून दोन वेगळ्या केबल लागतात. एकाच केबलवर अनेक बॉक्स चालवणारी पद्धतही आहे, पण तिला खास एलएनबी आणि तिला जुळणारे बॉक्स लागतात.

केबल टीव्ही किंवा साध्या अँटेनाला स्प्लिटर चालतो, पण तोही फुकट नसतो. दोन तोंडांचा स्प्लिटर सुमारे साडेतीन ते चार डेसिबल सिग्नल खातो, म्हणजे प्रत्येक टीव्हीला निम्म्याहूनही कमी पोचतं. चार तोंडांचा सात-आठ डेसिबल खातो. चार तोंडांचा स्प्लिटर लावून त्यातली दोन रिकामी ठेवण्यात निव्वळ तोटा आहे. आरजी-६ च्या टोकांना दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर लावा. पिळून बसवलेले पावसाळ्यात सैल पडतात आणि पाणी आत घेतात.

वायफायवाल्या तरुण मंडळींसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मोबाइल, टॅब्लेट, लॅपटॉप हे वायफायवरच चालणार, त्यांच्यासाठी खोलोखोली सॉकेट काढणं व्यर्थ आहे. पण वायफाय ज्या उपकरणातून निघतं त्या उपकरणापर्यंत वायरच न्यावी लागते. विटांची भिंत, काँक्रीटचा स्लॅब, बाथरूमच्या टाइल, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे सगळं सिग्नल अडवतं, आणि वेगवान ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २.४ पेक्षा लवकर दमतो. मग लोक रिपीटर आणतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्याऐवजी प्रत्येक मजल्यावर छताच्या मध्याजवळ एक कॅट-६ काढून ठेवा आणि तिथे छोटा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारं उपकरण) लावा. त्याला वीजही याच वायरीतून जाते. पीओईच्या, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतून वीज देण्याच्या, सगळ्यात जुन्या मानकातही एका पोर्टवर १५.४ वॉटपर्यंत मिळतं आणि साध्या ॲक्सेस पॉइंटला तेवढं पुरतं. छताजवळ वेगळं पॉवर सॉकेट नको आणि ॲडॅप्टरही लोंबकळत नाही. वायफाय सुधारण्यासाठी याहून स्वस्त आणि टिकाऊ उपाय मला माहीत नाही. आणि जो टीव्ही, जो डेस्कटॉप, जो कॅमेरा जागचा हलत नाही तो वायरीवर गेला, की हवेतली सगळी जागा मोबाइलना मोकळी मिळते.

तर पॉइंट असे काढा. मुख्य टीव्हीमागे दोन कॅट-६. कामाच्या किंवा अभ्यासाच्या टेबलापाशी दोन. दोन झोपायच्या खोल्यांत एकेक. छताजवळच्या वायफायला एक, दाराच्या बेलपाशी एक, बाहेरच्या कॅमेऱ्यांना दोन. एकूण दहा. सरासरी १५ मीटर धरले तर १५० मीटर, आणि वळणं, टोकं, वाया जाणारी वायर यांसाठी २० टक्के वाढवले तर १८० मीटर. ३०५ मीटरच्या एका खोक्यात हे सगळं होऊन वरच्या मजल्यासाठीही वायर उरते. टीव्हीपाशी पुढे आणखी उपकरणं आली तर पाच पोर्टचा छोटा स्विच ठेवा. चार वायरी जास्तीच्या ओढण्यापेक्षा तो फार स्वस्त पडतो. स्वयंपाकघरात आणि पॅसेजमध्ये काही काढू नका.

फायबरसाठी रस्त्याच्या बाजूच्या भिंतीपासून थेट मुख्य ठिकाणापर्यंत एक स्वतंत्र, रिकामा, दोरी घातलेला पाइप ठेवा. फायबर स्वतः आणून ठेवू नका, ती कंपनीच टाकते. हा पाइप नसला की कंपनीचा माणूस दरवाज्याच्या चौकटीतून तार आत घेतो आणि डबा तिथेच दाराशी ठोकतो. मग मधोमध केलेली सगळी तयारी वाया. याच्यावर तोड म्हणून दारापासून मुख्य ठिकाणापर्यंत एक जास्तीची कॅट-६ टाकलीत तर डबा कुठेही बसला तरी काम चालतं. फायबरच्या पाइपात तीव्र वळण मुळीच नको.

भिंतीतली ठोस तारेची वायर सॉकेटवरच संपवा, तिच्या टोकाला थेट प्लग लावू नका. भिंतीपासून उपकरणापर्यंत लवचिक तयार कॉर्ड वापरा. सॉकेटवर तारा बसवताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. रंगांच्या ए आणि बी अशा दोन मांडण्या आहेत. कुठलीही घ्या, पण घरभर एकच ठेवा. बी घेतली तर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. वायर ओढताना ११ किलोपेक्षा जास्त जोर नको आणि गच्च आवळलेले प्लास्टिकचे टाय नकोत, त्यांनी आतला पीळ चेपतो.

कोणती वायर कुठली हे दोन्ही टोकांना पक्क्या शाईनं लिहा. गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पडदा किंवा कपाट ठोकायला पुढे ड्रिल हातात घ्याल तेव्हा हे फोटो लागतील.

तपासणी गिलाव्याआधी एकदा आणि रंगानंतर एकदा करून घ्या, आणि दुसरी झाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. दिवे लुकलुकणारा स्वस्त टेस्टर तार जोडली आहे की नाही एवढंच सांगतो. दोन जोड्यांच्या तारा दोन्ही टोकांना सारख्याच आपसांत बदलल्या असतील तर त्याला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक सॉकेटवर लॅपटॉप लावून वेग पाहा. १ गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. एखाद्या सॉकेटवर वेग १०० वर अडकला तर बहुतेक वेळा एखादी तार नीट बसलेली नसते. ते टोक पुन्हा पंच करून घ्या. वेग १ गिगाबिट दाखवत असेल तर एखादी मोठी फाइलही पाठवून पाहा. मध्येच अडखळली तर जोड्यांची अदलाबदल तपासा.

राहिला वरचा मजला. मुख्य ठिकाणापासून गच्चीपर्यंत ४० मिलिमीटरचे दोन पाइप उभे न्या. स्लॅब पडायचा असेल तर ते आधीच बांधून ठेवा. पडला असेल तर बीम चुकवून, इंजिनियरला दाखवून, मशीननं गोल भोक पाडून घ्या. गच्चीवर पाइप ३० सेंटिमीटर वर काढून त्याचं तोंड खाली वळवा, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. तोवर एका पाइपातून डिशच्या दोन केबल खाली येतील, आणि गच्चीवर कॅमेरा लावायचा झाला तर त्याची वायरही त्यातूनच. दुसरा पूर्ण रिकामा, दोरी घालून. मजला चढेल तेव्हा त्या पाइपातून दोन कॅट-६ वर जातील, वर एक छोटा स्विच बसेल, आणि खालच्या घरात एकाही भिंतीला हात लावावा लागणार नाही.